परसदारी खिरणी: पिवळ्या, चेरीएवढ्या फळाचे झाड

खिरणी हे मोह, बकुळ आणि चिकू यांच्या कुळातले सदाहरित झाड आहे. फळ लांबट, साधारण एक ते दीड सेंटिमीटरचे, पिकल्यावर हळदीसारखे पिवळे. आत मऊ, अतिशय गोड गर आणि बहुधा एकच चकचकीत तपकिरी बी. महाराष्ट्रात काही भागांत त्याला रांजण किंवा रायण म्हणतात, वनस्पतिशास्त्रात मनिलकारा हेक्झांड्रा. पान तोडले, फांदी मोडली किंवा कच्चे फळ खुडले की पांढरा चीक येतो. लाकूड इतके टणक की पूर्वी ते तेलाच्या घाण्यांसाठी वापरात होते. टणकपणाची किंमत वाढीच्या वेगात मोजावी लागते. लवकर मोठे होणाऱ्या झाडांमध्ये खिरणीचा नंबर कधीच लागणार नाही.

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, मालेगावहून शेलूबाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावर किन्हीराजा आहे. तिथल्या अंगणात पिवळ्या फळाचे झाड हवे असेल तर ते खिरणीचेच असावे. अलीकडे रोपवाटिकांच्या जाहिरातींत आणि मोबाइलवरच्या दुकानांत ‘पिवळ्या चेरीची’ रोपे दिसतात. चित्रातली चेरी बहुधा रेनिअर असते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात प्रोसर येथे १९५२ मध्ये बिंग आणि व्हॅन या दोन जातींच्या संकरातून ती तयार झाली. फळ पिवळे, गालावर लाली, चव उत्तम, याबद्दल वाद नाही. मात्र गोड चेरीच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसखालची थंडी शेकडो तास लागते. कित्येक जातींना तर हजार तासांच्या आसपास. ती मिळाली नाही तर डोळे नीट फुटत नाहीत आणि फूल येत नाही. भारतात चेरी मुख्यतः काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातच पिकते, त्याचे कारण हेच. वाशिम भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास काही दिवस उतरतो, दुपारी मात्र पुन्हा सत्तावीस-अठ्ठावीसवर जातो. मे महिन्यात तो अनेकदा बेचाळीसच्या पुढे असतो. शिवाय पावसाळ्यात ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीत चेरीची मुळे कुजतात. गोड चेरीच्या बहुतेक जातींना फळासाठी जवळ दुसऱ्या, जुळणाऱ्या जातीचे झाड लागते, ती अडचण वेगळीच. हिरवे जाळे, बर्फाचे पाणी, फ्रिजमध्ये ठेवलेली रोपे असले उपाय सुचवले जातात. त्यांवर पैसे घालवू नयेत. केकवर आणि पानात दिसणारी लालभडक ‘चेरी’सुद्धा आपल्याकडे पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते.

खिरणीला ही थंडी लागत नाही. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि दख्खनच्या कोरड्या पानगळीच्या रानांत ती आपोआप वाढते. श्रीलंकेच्या कोरड्या जंगलांत तिला पालू म्हणतात आणि फळे पिकली की अस्वले झाडावर चढून बसतात. कडक ऊन, कोरडी हवा, चुनखडीची जमीन आणि थोडाफार खारेपणा ती सोसते. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत: बुंध्याशी दिवसेंदिवस तुंबलेले पाणी, आणि लहानपणी झालेली आबाळ. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाच-सहा वर्षांची खिरणी सहसा मरत नाही, पण पाच-सहा महिन्यांचे रोप एका उन्हाळ्यात जाते. म्हणून या झाडाच्या बाबतीत निम्म्याहून अधिक काम पहिल्या तीन वर्षांत असते.

जागा निवडताना झाड आज केवढे आहे हे न पाहता ते पुढे केवढे होणार हे पाहावे. पूर्ण वाढलेली खिरणी दहा-पंधरा मीटर उंच जाते आणि तिचा घेर गच्च, सावलीदार होतो. गावठाणातल्या घराला लागून दोन-तीन मीटरची पट्टी मोकळी असेल तर तिथे ती लावू नये. भिंत, शौचालयाची टाकी, विहिरीचा कठडा आणि विजेची तार यांपासून किमान सात-आठ मीटर अंतर हवे. जुन्या घरांमागचे मोठे परसदार, शेतातल्या कोठ्यासमोरची जागा किंवा शेताचा धुरा या जागा तिला मानवतात. झाड बारमाही हिरवे असते. त्यामुळे ते कोठ्याच्या पश्चिमेला लावले तर दुपारची सावली गुरांवर पडते. उत्तरेला तूर-सोयाबीनचे वावर असेल तर धुऱ्यावरची सावली पुढे पिकावर येईल, हे आधीच लक्षात घ्यावे. जागेला दिवसाचे सहा-सात तास ऊन हवे. सावलीत खिरणी जगते, पण फळ कमी धरते.

ज्यांच्याकडे एवढी जागाच नाही त्यांनी खिरणीचा हट्ट धरू नये. कुंडीत किंवा वाफ्यात पिवळे, चेरीएवढे फळ हवे असेल तर रसभरी बरी. तिचे बी पावसाळ्याच्या सुरुवातीला टाकावे, महिना-सव्वा महिन्याने रोपे हलवावीत, आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात कागदी पापुद्र्यात गुंडाळलेली पिवळी फळे मिळतात. झाडच हवे पण लवकर हवे असेल तर सिंगापूर चेरी हा दुसरा पर्याय. ती दोन वर्षांत फळते आणि पाखरे गोळा करते. तिची फळे मात्र बहुधा लाल असतात आणि झाड ठिसूळ असते, वादळात फांद्या मोडतात. पिढ्यान् पिढ्या टिकणारे झाड हवे असेल तर पुन्हा खिरणीकडेच यावे लागते.

रोप बियांचे घ्यावे की कलमी, हा पहिला खरा निर्णय. बियांपासून वाढलेल्या खिरणीला पहिले फळ यायला आठ-दहा वर्षे लागतात, कधी त्याहून जास्त. शिवाय फळाचा आकार आणि गोडी आईच्या झाडासारखीच निघेल याची खात्री नसते. कलमी झाड साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलावर येते आणि आटोपशीर राहते. गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यात वेजलपूर येथे केंद्रीय शुष्क बागायती संस्थेचे प्रयोग केंद्र आहे. तिथे निवडलेली ‘थार ऋतुराज’ ही खिरणीची सुधारित जात प्रसिद्ध आहे. तिची कलमे मिळत असतील तर तीच घ्यावीत. मिळत नसतील तर आसपासच्या एखाद्या जुन्या, भरघोस आणि गोड फळ देणाऱ्या झाडाच्या काड्या आणून घरीच कलम करता येते. चौकशीसाठी करडा येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा फळशास्त्र विभाग ही जवळची ठिकाणे आहेत.

खिरणीचे रोप मिळवण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो अनेक घरांत नकळत उभा असतो. चिकूची कलमे खिरणीच्या खुंटावर बांधलेली असतात. डहाणू-घोलवड पट्ट्यात आणि गुजरातेत ही रीत जुनी आहे, पूर्वी ती भेट कलमाने होत असे. कारण खिरणीचा खुंट काटक असतो आणि चिकूला दीर्घ आयुष्य देतो. अशा कलमावरचा चिकू एखाद्या उन्हाळ्यात वाळतो आणि जोडाखालून नवे फुटवे येतात. घरचे लोक ‘चिकू पुन्हा फुटला’ म्हणून त्याला पाणी घालत राहतात आणि सात-आठ वर्षांनीही चिकू का लागत नाही म्हणून झाडाला दोष देतात. पान पाहिले की उलगडा होतो. चिकूचे पान टोकाला निमुळते असते. खिरणीचे पान गडद हिरवे, जाड आणि वरून चकचकीत असून त्याचे टोक बोथट असते आणि पुष्कळदा मध्ये किंचित खाच असते. असे झाड सापडले तर ते तोडू नये. खुंट बोटाएवढा असेल तर त्यावर चांगल्या खिरणीची काडी बांधावी. मोठा झाला असेल तर आहे तसा वाढू द्यावा. हवी होती ती खिरणी घरात आलेलीच असते.

रोप स्वतः तयार करायचे असेल तर मे-जून महिन्यांतल्या पूर्ण पिकलेल्या फळांचे बी घ्यावे. गर धुऊन बी सावलीत वाळवावे आणि शक्य तितक्या लवकर, त्याच पावसाळ्यात पेरावे. वर्षभर डब्यात राहिलेले बी फारसे उगवत नाही. बीचे कवच टणक असते. म्हणून एका कडेला कानसीने हलके घासून किंवा आतल्या गराला धक्का न लावता किंचित तडा देऊन ते चोवीस तास पाण्यात भिजत घालावे. पिशवीत माती, वाळू आणि चाळलेले कुजके शेणखत समप्रमाणात भरावे, बी दीड-दोन सेंटिमीटर खोल आडवे ठेवावे. उगवण तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत मागे-पुढे होते, तेव्हा महिनाभरात काही दिसले नाही म्हणून पिशव्या रिकाम्या करू नयेत. रोपांची वाढ फार सावकाश असते. पेन्सिलीएवढी जाडी यायला दीड ते दोन वर्षे जातात. या काळात मुळे पिशवीच्या तळातून बाहेर पडून जमिनीत शिरतात, म्हणून पिशव्या दोन-तीन महिन्यांनी उचलून जागा बदलाव्यात आणि वर्षानंतर मोठ्या पिशवीत रोप हलवावे.

कलमासाठी मृदुकाष्ठ पद्धत घरी जमण्यासारखी आहे. संत्र्याच्या कलमांमुळे डोळा भरण्याचे काम वाशिम-अकोला भागात अनेकांच्या हाताला आहे, अशा माणसाला ही पद्धत एकदा दाखवली की पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत दमटपणा असताना काम करावे. निवडलेल्या झाडावरच्या, खुंटाइतक्याच जाडीच्या फांदीच्या शेंड्याची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापावीत. मग शेंड्याचा डोळा फुगू लागतो. बारा-पंधरा सेंटिमीटरची काडी कापून खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटरचे तिरपे काप घेऊन पाचर करावी. खुंट जमिनीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर छाटून मधोमध तेवढीच चीर द्यावी. चीक वाहू लागतो. तो थांबेपर्यंत थांबावे आणि स्वच्छ ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. घाई करून चिकासकट काडी बसवली की जोड धरत नाही, आणि खिरणीची कलमे वाया जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. काडी चिरेत बसवताना किमान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. जोड प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावा, काडीवर पातळ पिशवीची टोपी चढवून खाली सैल बांधावी आणि रोप सावलीत ठेवावे. तीन-चार आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढावी. पट्टी मात्र जोड पूर्ण भरून येईपर्यंत काढू नये. भरून आल्यावर ती न विसरता कापावी, नाहीतर ती सालीत रुतते.

लागवडीचा खड्डा एप्रिल-मे मध्ये घ्यावा म्हणजे तो उन्हाने तापतो. किन्हीराजाच्या परिसरातली जमीन बेसाल्टपासून बनलेली आहे. सखल भागात खोल काळी, टेकाडाकडे हलकी आणि खाली मुरूम. हलक्या मुरमाड जमिनीत एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा हवा. खालचा मुरूम पहारीने सैल केला तर मुळे पुढे सरकतात. खोल काळ्या जमिनीत साठ सेंटिमीटरचा खड्डा पुरतो, पण तिथे प्रश्न पाण्याचा असतो. अशा जागी तळाशी विटांचे तुकडे आणि मुरमाचा थर द्यावा, काढलेल्या मातीत चौथा हिस्सा मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी आणि खड्डा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावा. खड्ड्यात वीस-पंचवीस किलो पूर्ण कुजलेले शेणखत, एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो निंबोळी पेंड मातीत मिसळून घालावी. अर्धवट कुजलेले, गरम शेण घातले तर हुमणी आणि वाळवी दोघींनाही आमंत्रण मिळते.

पहिल्या पावसाला रोप लावू नये. जूनमध्ये मृगाच्या सरी येऊन पुढे पंधरा दिवस उघडीप पडणे या भागाला नवे नाही. पाऊस स्थिरावला की जुलैत, ढगाळ दिवशी, सायंकाळी लागवड करावी. पिशवी फाडताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये. गोल गुंडाळलेली मुळे दिसली तर तेवढी हलकेच सोडवावीत. कलमाचा जोड जमिनीपासून किमान दहा-पंधरा सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेला की कुजतो किंवा खालच्या खुंटातून फुटवे निघतात. वाऱ्याच्या बाजूला बांबूची काठी रोवून रोप सुतळीने आठच्या आकड्यासारखा फास देऊन बांधावे. जोडाखालचा प्रत्येक फुटवा दिसला की खुडावा. इथे हयगय झाली तर खालचा रानटी खुंट कलमाला मागे टाकतो.

पहिला हिवाळा सहसा त्रास देत नाही. फेब्रुवारीपासून मात्र हवा कोरडी होते आणि मार्चअखेर वारा तापतो. या दिवसांत रोपाच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूंना तुराट्यांचा आडोसा उभा करावा. वरून दाट झाकू नये, पाचटाची किंवा तुराट्यांची विरळ मांडणी पुरते. बुंध्याभोवती अर्धा मीटरच्या घेरात सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटे जाड थर द्यावा, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी. ओल्या कुटारात वाळवी येते. थर महिन्याने हलवावा आणि खाली निंबोळी पेंड भुरभुरावी. पाणी पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी दहा-बारा लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याने पंधरा-वीस लिटर आणि तिसऱ्यात दहा-बारा दिवसांनी द्यावे. जिथे बोअर आटल्यामुळे रोज बादली घालणे जमत नाही, तिथे रोपापासून दोन वितींवर एक कोरे, भाजलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि ते भरून तोंडावर झाकणी ठेवावी. मडक्याच्या अंगातून पाझरणारे पाणी थेट मुळांजवळ जाते आणि बाष्प होऊन उडत नाही. भांड्यांचे साबणाचे पाणी रोज एकाच झाडाला घालू नये. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चालते.

या तीन वर्षांतले शत्रू बहुतेक दोन आणि चार पायांचे असतात. शेळी पाने आवडीने खाते आणि एकदा शेंडा गेला की सावकाश वाढणारे झाड वर्षभर मागे पडते. बोराटीचे किंवा बाभळीचे काटे रचून केलेले कुंपण जाळीपेक्षा स्वस्त आणि तेवढेच उपयोगी. धुऱ्यावर झाड असेल तर दोन धोके आणखी आहेत. उन्हाळ्यात गवत जाळण्यासाठी धुरे पेटवतात, त्यात सोयाबीन काढल्यावर विसरलेले रोप सहज जळून जाते. म्हणून झाडाभोवती दोन मीटर जागा फेब्रुवारीतच खरडून साफ ठेवावी आणि शेजारच्या वावरवाल्याला झाड दाखवून ठेवावे. दुसरा धोका तणनाशकाचा. पिकात फवारलेले तणनाशक वाऱ्याने कोवळ्या पालवीवर आले तर पाने वेडीवाकडी होतात किंवा करपतात. फवारणीच्या वेळी रोपावर रिकामी गोणी उपडी घालणे हा साधा उपाय आहे, फक्त काम संपल्यावर ती काढायची आठवण हवी.

खताचा खिरणीला फार सोस नाही. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी, झाडाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे दहा किलो शेणखत याप्रमाणे वाढवत पन्नास किलोवर थांबावे. सोयाबीनसाठी आणलेल्या १०:२६:२६ खताच्या गोणीतून वयाच्या प्रत्येक वर्षाला शंभर ग्रॅमप्रमाणे, जास्तीत जास्त एक किलो, दिले तरी चालते. खत बुंध्याशी न टाकता फांद्यांच्या घेराखाली चर काढून द्यावे, कारण अन्न शोषणारी मुळे तिथे असतात. युरियाचा मारा केला तर पालवी लुसलुशीत येते आणि तिच्यावर किडी तुटून पडतात.

आकार देण्याचे काम तिसऱ्या वर्षापासून करावे. खोड पाऊण ते एक मीटरपर्यंत मोकळे ठेवून वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या तीन-चार दणकट फांद्या राखाव्यात, बाकीच्या काढाव्यात. पुढे छाटणी जवळपास लागतच नाही. वाळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या फळे संपल्यावर जूनअखेर काढल्या की झाले. उंची आटोक्यात ठेवण्यासाठी मधला शेंडा हळूहळू, दर वर्षी थोडाथोडा, छाटावा. एका दिवसात झाड अर्धे करणाऱ्या छाटणीनंतर पुढची दोन-तीन वर्षे फळ विसरावे लागते. मोठ्या कापावर बोर्डो मलम लावावा: शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात वेगळा विरघळवून मग दोन्ही एकत्र ओतून ढवळावे. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे असावे, लोखंडाचे नको.

नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत पानांच्या बेचक्यांत बारीक, पांढुरक्या सुवासिक फुलांचे झुबके येतात. या काळात कीटकनाशक फवारू नये, मधमाश्या झाडावर असतात. फुलोऱ्याच्या ऐन वेळी भरपूर पाणी देऊ नये. फळे ज्वारीच्या दाण्याएवढी झाली की पंधरा दिवसांच्या अंतराने पाणी सुरू करावे. मोठे झाड पाण्याशिवायही फळते, पण मार्च-एप्रिलमध्ये तीन-चार पाणी मिळालेल्या झाडाची फळे भरीव होतात आणि गळ कमी राहते.

रोगकिडींच्या बाबतीत खिरणी निर्धास्त करणारी आहे. कोवळी पाने जाळीने एकत्र बांधून खाणारी अळी चिकूप्रमाणे हिच्यावरही येते. जाळी झालेले शेंडे तोडून जाळावेत आणि झाड लहान असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी गाळून दहा लिटर द्रावण करावे. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड फांद्यांवर दिसली तर मागे मुंग्या असतातच. खोडाला चिकट पट्टी गुंडाळून मुंग्या अडवल्या की कीडही कमी होते. जुन्या झाडावर साल खाणारी अळी भोक पाडून बाहेर भुशाची जाळी करते. जाळी खरडून भोकात तार घालून अळी मारावी, रॉकेलात बुडवलेला कापूस कोंबून वर माती लिंपावी.

फळे पिकू लागली की खरी स्पर्धा बुलबुल, साळुंक्या, वटवाघळे आणि वानरांशी असते. पाखरे थोडे खातात, वानरांची टोळी मात्र फळांबरोबर फांद्याही मोडते. मोठ्या झाडावर जाळी टाकणे शक्य नसते. खालच्या, हाताला येणाऱ्या फांद्यांवर जुन्या साडीच्या पिशव्या बांधून घरच्यापुरती फळे वाचवता येतात. वानरे येणाऱ्या गावात दोन-तीन मोठी झाडे जवळजवळ असली की नुकसान विभागले जाते. एकटे झाड एका सकाळीत रिकामे होते.

फळे एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत टप्प्याटप्प्याने पिकतात, सगळी एकदम नाही. पूर्ण पिवळे झालेले, बोटाने दाबल्यावर किंचित मऊ लागणारे फळच काढावे. हिरवट पिवळे फळ चिकाळ आणि तुरट असते. खाली ताडपत्री किंवा जुने धोतर पसरून फांदी हलकेच हलवावी. पिकलेली तेवढी पडतात. बांबूने झोडपल्यास पुढच्या वर्षीची पालवी मार खाते. पिकल्या फळातही थोडा चीक राहतो आणि भराभर खाल्ले तर ओठ चिकटतात. फळे धुऊन रात्रभर टोपलीत हवेशीर ठेवली आणि सकाळी खाल्ली तर चीक बराच कमी झालेला असतो.

ताजे फळ दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, उन्हाळ्यात तर दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो. म्हणून जास्त आलेली फळे वाळवावीत. निवडलेली पिकी फळे स्वच्छ कापडावर एका थरात पसरून, वर पातळ कापड टाकून कडक उन्हात चार-पाच दिवस ठेवावीत आणि रात्री आत घ्यावीत. पहिल्या दोन दिवसांत ती दिवसातून एकदा हलवावी लागतात, नाहीतर चिकाने कापडाला चिकटतात. साल सुरकुतली, दाबल्यावर रस येईनासा झाला की काचेच्या बरणीत भरावीत. मे महिन्यात वाळवलेली खिरणी पावसाळ्यात मुलांना मनुकांसारखी देता येते. गिळण्यापूर्वी बी काढण्याची सवय लहान मुलांना लावावी. पुढच्या कलमांसाठी खुंट हवे असतील तर वाळवलेल्या फळांचे बी वापरू नये. फळे वाळत घालण्याआधीच सर्वांत भरीव अशी वीस-पंचवीस वेगळी काढून त्यांचे बी धुऊन घ्यावे आणि पाऊस पडताच पिशव्यांत लावावे.